मोऱ्याच्या मिस्त्रीकाकांचं देणं

आमच्या घरातली प्रीमियर पद्मिनी 1978 सालची. तिचं इंजिन मधे एकदा खाली उतरवून बांधलं, सीटांचं रेक्झिन बदललं, रंगही काढला. पण अंगाचा पत्रा बहुतेक सगळा मूळचाच आहे. समुद्राकाठी उभं आयुष्य काढलेल्या गाडीबद्दल असं सहसा कुणाला म्हणता येत नाही. मला म्हणता येतं ते एका माणसामुळे. उरणच्या मोरा बंदरावर, कोळीवाड्याच्या कडेला त्यांची शेड होती. शेडवर पाटी नव्हती. गाव त्यांना मिस्त्री म्हणे, मी मिस्त्रीकाका म्हणायचे. आपलं नाव कुठे छापून आलेलं त्यांना रुचलं नसतं, म्हणून इथेही तेवढंच लिहिते.

माझे वडील उरणला डॉक्टर होते. पेशंट करंज्यापासून जासईपर्यंत पसरलेले. मोऱ्याहून मुंबईत भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, तेव्हाही जायची. पण मोठ्या ओहोटीला बंदरातला गाळ उघडा पडतो आणि लाँच धक्क्याला लागत नाही. रात्री तर तिचा विचारच नको. अडलेली बाळंतीण असो, साप चावलेला माणूस असो, रस्त्यानं पनवेल गाठण्यावाचून इलाज नसायचा. त्या काळात गावात मोटारी मोजक्या होत्या आणि त्यातली रात्री दोन वाजता दार वाजवलं तरी निघणारी आमचीच होती. जासईच्या अलीकडे मागच्या सीटवर जन्मलेली एक मुलगी पुढे वडिलांकडेच लस टोचून घ्यायला यायची. तिची आई दर वेळी जाताना बोनेटला हात लावून नमस्कार करायची.

अशी गाडी खारात राहत होती. उरण म्हणजे समुद्र, खाडी आणि मिठागरं. उधाणाला खाडीचं पाणी सखल रस्त्यावर यायचं आणि वडील त्यातूनच व्हिजिटला जायचे. एरवीही हवेत मीठ असतंच. समुद्राचं मीठ म्हणजे नुसतं खायचं मीठ नव्हे, त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की पाझरू लागतं. मॅग्नेशियम क्लोराइड तेहतीस टक्क्यांच्या पुढेच पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात डब्यातलं जाडं मीठ ओलं होतं त्याचं हे एक कारण. पत्र्यावर बसलेला असा खार उन्हाळ्यातही खऱ्या अर्थानं सुकत नाही. आपल्याला कोरडा दिसणारा पत्रा रात्रभर ओला असतो.

बाहेरचा पत्रा निदान धुता-पुसता येतो. पद्मिनीचं खरं दुखणं आत आहे. जुन्या मोटारींना खाली लोखंडी सांगाडा आणि त्यावर बसवलेली बॉडी असायची. फियाटनं 1953 साली आणलेली नवी 1100 तशी नव्हती. तिच्यात बॉडी हाच सांगाडा. तीच जात पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होऊ लागली. 1964 पासून फियाट 1100 डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि 1974 पासून पद्मिनी. अशा गाडीत जोर येतो तो पोकळ पेट्यांमधून. दोन पत्रे समोरासमोर ठेवून कडा स्पॉट वेल्डिंगनं जोडल्या की मधे बोगदा तयार होतो. दारांच्या खालून पुढून मागे जाणारा चॅनेल, दारांमधले खांब, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे लटकतात ती जागा, डिकीच्या कडा, दारांचं पोट, सगळं पोकळ. पोकळ म्हणूनच हलकं आणि भक्कम. या बोगद्यांत पेंटरची गन पोचत नाही. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत तर रंगाचा थेंबही जात नाही. काचेच्या रबराजवळून आत उतरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की तिथे तळं साचतं.

आमची भोकं बुजली होती. शहरातल्या एका गॅरेजनं गाडी रंगवून देताना खालून डांबरी लेप असा काही थापला होता की एकही भोक शिल्लक राहिलं नव्हतं. वरून गाडी नव्यासारखी. वडील खूश होते.

मिस्त्रीकाका पहिल्यांदा दवाखान्यात आले ते पत्र्यानं कापलेला तळहात घेऊन. टाके घालून झाल्यावर बाहेर पडले आणि गाडीपाशी थांबले. मी ओट्यावर बसले होते. त्यांनी चांगल्या हातानं मागचं दार उघडलं, थोडं पुढे-मागे हलवलं आणि कान लावला. मग वडिलांना हाक मारली. ‘‘दाक्तर, गारी भायेरशी चांगली हाय. आतमधी पानी हाय.’’ वडिलांना पटेना. मिस्त्रीकाकांनी सायकलचा एक मोडका स्पोक मागवला, उकिडवे बसले आणि दाराखाली चाचपून एका जागी डांबरात तो खुपसला. तांबूस पाण्याची धार लागली. बराच वेळ ती वाहत होती. त्यांनी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि एकच शब्द बोलले, ‘‘खारा.’’

काम मे महिन्यात करायचं ठरलं. त्याला कारण होतं. आता मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै अशी सरकार ठरवतं. पण दर्या खवळायच्या आत होड्या वर ओढून त्यांची डागडुजी करायची आणि त्या शाकारून ठेवायच्या, हा कोळीवाड्याचा रिवाज फार जुना. मिस्त्रीकाकांचं बालपण त्या होड्यांच्या अंगाला तेल लावण्यात गेलं होतं. पुढे ते लाँचनं मुंबईला जाऊन दारूखान्यात जुन्या बोटी तोडणाऱ्यांकडे राबले, तिथे पत्र्याचं आणि गॅस वेल्डिंगचं काम शिकले आणि परत मोऱ्याला आले. लाकूड समुद्रात कसं टिकतं आणि लोखंड कसं सडतं, दोन्ही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ऊन कडक असताना, हवा तापलेली असताना आणि पाऊस अजून लांब असतानाच हे काम होतं, असं त्यांचं म्हणणं. आज बाजारात मिळणाऱ्या गंजरोधक मेणाच्या डब्यावरही साधारण हेच लिहिलेलं असतं.

सुट्टी असल्यामुळे मी रोज शेडवर असायची. सीटा बाहेर, खालचं मॅटिंग बाहेर, दारांचे आतले पुठ्ठे बाहेर. खालचं डांबर पटाशीनं आणि रॉकेलच्या बोळ्यानं सोलून काढलं. मिस्त्रीकाका हातोडीच्या दांड्यानं चॅनेलवर टकटक करत पुढून मागे सरकत आणि खडूनं खुणा करत. खणखणीत आवाज आला की पुढे, बद्द आवाज आला की फुली. भोक सापडलं की गोल. त्या गोलांची त्यांना फार काळजी. एका बाजूला जेवढे तेवढे दुसऱ्या बाजूला सापडलेच पाहिजेत, नाही सापडले तर पुन्हा आडवं होऊन शोध.

उजव्या चॅनेलमध्ये त्यांचा हात शिरेना. ‘‘बाय, तुजा हात जाईल, घाल.’’ मी कोपरापर्यंत हात घातला. आत गार होतं आणि ओलं. बोटांना प्रथम चिकणमाती लागली, मग पापुद्रे, एकावर एक चिकटलेले, दाबले की मोडणारे. मुठीनं काढून मी ते वर्तमानपत्रावर ठेवत गेले. काळपट गाळ, कुजलेली पानं, वाळू आणि तांबडे पापुद्रे. वाळल्यावर त्या ढिगावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं. ते मीठ होतं. एक पापुद्रा उचलून मिस्त्रीकाकांनी दाखवला, जाड होता. मूळ पत्रा इतका पातळ आणि त्याचा गंज एवढा जाड? मला तेव्हा ते कोडंच वाटलं. लोखंडाचा गंज झाला की तो दुप्पट तरी जागा व्यापतो, पाणी धरून बसलेला गंज याहून कितीतरी जास्त फुगतो आणि फुगताना दोन पत्र्यांची वेल्डिंगची जोडही उकलून काढतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

गाळ निघाल्यावर धुणं. त्याला बोअरिंगचं पाणी त्यांनी लावू दिलं नाही, ते मचूळ होतं. गोड्या विहिरीचं पाणी पिंपात भरून आणलं. चॅनेलच्या एका तोंडातून पाणी सोडायचं आणि शेवटच्या भोकातून निघणारं चाखायचं. जिभेला खार लागेनासा झाला तेव्हा धुणं संपलं. मग पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणून आतून हवा मारली आणि गाडी दारं उघडी टाकून उन्हात ठेवली. वडिलांना गाडीची निकड होती, तरी मिस्त्रीकाका बधले नाहीत. ‘‘पानी ऱ्हायला का पत्रा गेला, दाक्तर. वरशी तेल मारून फायदा नाय.’’ ओल्यावर लेप दिला तर ओल आतच कोंडते, हेच ते सांगत होते. वडील तेवढे दिवस स्कूटरवर गेले.

फुल्या मारलेल्या जागी कुजका पत्रा कापून नवा बसवला. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलं नाही. वेल्डिंग सगळं तेलाच्या आधी उरकलं. तेल लावल्यावर ज्योत जवळ आणणं म्हणजे गाडी पेटवणं, ही ताकीद शेडवरच्या पोरांना दिवसातून अनेकदा मिळे.

आता तेल. बरेच जण इंजिनातून काढलेलं काळं तेल मारत. फुकट मिळतं. मिस्त्रीकाकांना ते चालत नसे. जळलेल्या तेलात आम्ल असतं, रबर फुगतं आणि पाण्यानं ते धुऊनही जातं. त्यांनी कोळीवाड्यातून मुशीच्या काळजाचं तेल आणलं, जे होड्यांच्या लाकडाला लावतात तेच. त्यात मेण वितळवलं, थोडं टर्पेंटाइन घातलं आणि गरम असताना पेंटच्या गनमध्ये भरलं. गनला जोडायला त्यांनी स्वतः एक नळी केली होती. फ्रिजची जुनी तांब्याची नळी, टोक ठोकून बंद केलेलं आणि टोकाच्या जरा अलीकडे चहूबाजूंनी सुईएवढी छिद्रं. ही नळी चॅनेलच्या पार शेवटपर्यंत सरकवायची आणि फवारा चालू ठेवून हळूहळू मागे ओढायची, म्हणजे वरचा, खालचा, दोन्ही बाजूंचा पत्रा भिजत येतो. वेग वाढला की मधे कोरडा पट्टा राहतो. ते ओढताना तोंडानं काहीतरी पुटपुटत, बहुधा वल्हवतानाचा ताल असावा.

फवारणी झाल्यावर त्यांनी गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक गोलाखाली कागदावर तेलाचा डाग पडला की नाही ते पाहिलं. एके ठिकाणी डाग नव्हता. त्या भोकात मेण गोठलं होतं. स्पोकनं ते मोकळं केलं आणि मगच चावी दिली. गाडीला कितीतरी आठवडे मासळीचा वास होता. उरणच्या पेशंटांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पुढे मी रसायनशास्त्र घेतलं आणि पनवेलला कनिष्ठ महाविद्यालयात तेच शिकवलं. माशाच्या तेलाचं काय ते तेव्हा नीट समजलं. त्यात असंपृक्त मेदाम्लं भरपूर असतात. ती पातळ असताना गंजाच्या बारीक रंध्रांत शिरतात, तिथली हवा आणि ओल बाहेर ढकलतात आणि नंतर ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतात. हाच गुण रॉबर्ट फर्गसन नावाच्या एका जहाजाच्या कप्तानाला दिसला होता. गंजलेल्या लोखंडी डेकवर माशाचं कच्चं तेल सांडलं तिथे गंज पुढे सरकला नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यावरून त्यानं गंजरोधक रंग बनवला आणि 1921 साली अमेरिकेत रस्ट-ओलियम ही कंपनी काढली. चॅनेलला भोक पाडून आतून लेप फवारायची पद्धतही अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये 1959 च्या सुमारास झीबार्ट या नावानं धंदा म्हणून उभी राहिली. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून त्यांना ती गरज भासली. मिस्त्रीकाकांनी यातलं एकही नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांनी होडी पाहिली होती, दारूखान्यातल्या सडलेल्या प्लेटा पाहिल्या होत्या, आणि त्यांच्या तर्कानं ते त्याच जागी येऊन पोचले होते. मला त्यांच्याबद्दल वाटणाऱ्या आदराचं मूळ इथे आहे. वर्गात मी तीन परीक्षानळ्यांतल्या खिळ्यांचा नेहमीचा प्रयोग दाखवायचे: एक कोरडा, एक उकळलेल्या पाण्यात वर तेलाचा थर देऊन, एक साध्या पाण्यात. चौथी नळी मी मोऱ्याच्या समुद्राच्या पाण्याची ठेवायचे. ती पुस्तकात नव्हती. ती मला मिस्त्रीकाकांच्या बोटावरून मिळाली होती.

दर दोन-तीन वर्षांनी, मे महिन्यात, ते गाडी मागवून घेत. निरोप यायचा, गाडी जायची. पुठ्ठे काढून, भोकं मोकळी करून, पातळ तेलाचा एक हात. पैशांचा विषय निघाला की मेणाचे आणि टर्पेंटाइनचे द्या म्हणत. वडिलांनीही त्यांच्या घरच्यांकडून कधी फी घेतली नाही. त्यांच्या पत्नीचं दुखणं लांबलं तेव्हा वडील रोज संध्याकाळी मोऱ्याला जात आणि शेवटी तिला पनवेलला हलवायची वेळ आली तेव्हा याच गाडीतून नेलं. मिस्त्रीकाका मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती बरी होऊन परतली. कुणाचं कुणावर किती निघतं, हे दोघांपैकी कुणीही कधी मांडलं नाही. पण मला मांडावंसं वाटतं. वडिलांची विद्या पदवीच्या कागदावर होती, गावानं त्यांना मान दिला, निवृत्तीला सत्कार केला. मिस्त्रीकाकांना पत्र्याच्या आतल्या बाजूला काय चाललंय ते कळत होतं आणि त्यांच्या कामाचा एक कणही बाहेरून दिसत नव्हता. रंगकाम करणाऱ्याची तारीफ होते. आतून तेल मारणाऱ्याला लोक विचारत, ‘‘एवढं करून काय फरक पडला?’’ काहीच पडत नाही, हाच तर त्या कामाचा फरक.

1989 साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. ट्रेलर आले, मोठी वर्कशॉपं आली, शेडवरची पोरं तिकडे लागली. मिस्त्रीकाका शेवटपर्यंत आपल्या शेडमध्येच काम करत राहिले. ते गेले तेव्हा मी पनवेलला होते. वडील त्यांच्या अंत्ययात्रेला चालत गेले. आता वडीलही नाहीत.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत तेव्हा खूप हळवं लिहून आलं. त्या टॅक्सींतल्या कितीतरी मी जवळून पाहिल्या आहेत. काळा-पिवळा रंग झकास, आणि दाराखाली पत्र्याऐवजी लांबी. जॅक लावला की गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच आत शिरायचा. वयामुळे त्या भंगारात गेल्या असं कागद म्हणतो. बऱ्याचशा आधीच आतून संपल्या होत्या. जुन्या गाड्यांच्या रॅलीत मी जाते, तिथेही क्रोम, रंग आणि बोनेटखालची चमक पाहून बक्षिसं देताना बघते. परीक्षकांनी एकदा तरी दाराचा पुठ्ठा काढून आत दिवा लावावा, असं मला मनापासून वाटतं.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मागच्या नूतनीकरणाच्या आधी मी मोबाइलला जोडायचा एक बारीक कॅमेरा आणला आणि उजव्या चॅनेलच्या तोंडातून आत सोडला, जिथे लहानपणी माझा हात गेला होता तिथूनच. पडद्यावर मधासारखा तपकिरी, आटलेला थर दिसला. त्याखाली करडा पत्रा. वेल्डिंगचा सांधा ओबडधोबड पण अखंड. मागच्या बाजूला नाण्याएवढी एक तांबडी जागा होती. ती घासून, गंज बदलणारं टॅनिक आम्लाचं द्रावण लावून घेतलं. आता लेपाला मी तयार मेण वापरते. लांब लवचिक नळीसकट फवाऱ्याच्या डब्यात मिळतं, त्याला वास येत नाही. नळी हळू ओढायची सवय मात्र त्यांची आहे. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाल्यावर हीच गाडी घेऊन मी शिवडीला जाऊन आले. खाली तोच समुद्र होता आणि खिडकीतून तीच खारी हवा आत येत होती.

किनाऱ्यालगत राहणाऱ्या आणि जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझं एक सांगणं आहे. यंदा मे महिन्यात गाडी रंगाला देण्याआधी तिच्या दारांखालची आणि चॅनेलची भोकं शोधा, मोकळी करा, गोड्या पाण्यानं आतून धुवा, उन्हात पुरती सुकू द्या आणि मगच मेण किंवा तेल फवारा. डांबर थापू देऊ नका. तुमच्या गावात हे काम जाणणारा मिस्त्री अजून असेल तर त्याला शोधून काढा, त्याच्या शेजारी एखादं शिकाऊ पोर बसवा, आणि बिलात आतल्या कामाचे पैसे वेगळे लावायला सांगा. ते रंगाच्या आधी द्या.